व्हॅलेन्सियातील भाड्याचे घर: दुपारचे जेवण बाहेर, रात्रीचे घरी

स्वयंपाकघर असलेले घर आठवडा-दोन आठवड्यांसाठी भाड्याने घेऊन स्पेनला जाणारी मराठी कुटुंबे जेवणाचा बेत बहुधा असा आखतात: दुपारी फिरतीवर काहीतरी किरकोळ खायचे आणि रात्री सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचे. व्हॅलेन्सियात हा बेत उलटा करावा लागतो. तिथली मंडई दुपारी तीनला उठते, स्वस्त आणि भरपेट जेवण दुपारीच मिळते, आणि रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या आधी सुरू होत नाही. तोपर्यंत लहान मुले पेंगुळलेली असतात आणि ज्येष्ठांची औषधाची वेळ टळलेली असते. म्हणून सकाळी मंडई, दुपारी बाहेरचे जेवण आणि रात्री घरचा हलका स्वयंपाक, असा दिवस बसवला की पैसे वाचतात आणि त्रासही वाचतो. पुढील सगळ्या सूचना हा क्रम गृहीत धरून दिल्या आहेत.

घर ठरवताना आणि सामान बांधताना

घराची छायाचित्रे पाहताना शेगडीकडे नीट लक्ष द्यावे. तिथल्या बहुतेक घरांत काळ्या काचेची विजेची शेगडी असते. ती दोन प्रकारची असते: 'वित्रोथेरामिका', म्हणजे काचेखालचे वेटोळे तापून लाल होते ती, आणि इंडक्शन. पहिलीवर कोणतेही सपाट बुडाचे भांडे चालते. दुसरीवर आपला अॅल्युमिनियमचा कुकर किंवा तांब्याच्या बुडाचे पातेले ठेवले तर काहीच होत नाही, शेगडी फक्त कुरकुरते. मी हौसेने नेलेला तीन लिटरचा कुकर पंधरा दिवस कपाटावर बसून परत आला. कुकर न्यायचाच असेल तर घरमालकाला शेगडीचा प्रकार आधी विचारावा आणि इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्यावा. जुन्या इमारतींतील काही घरांत अजून नारिंगी रंगाच्या सिलिंडरवरचा गॅस असतो. तिथे प्रश्नच येत नाही.

सामानात गोडा मसाला, हिंग, मोहरी, लाल तिखट आणि चहाची पूड असावी. मोहरी आणि हळद तिथेही मिळतात, पण इवल्याशा बरणीत आणि भलत्या दराने. साजूक तूप, पेढे, खवा यांपैकी काहीही नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्याची बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही घरीच ठेवाव्यात. तुपाची अडचण तिथे सहज सुटते: 'मान्तेकिया सिन साल', म्हणजे बिनमिठाचे लोणी, आणावे आणि मंद आचेवर कढवावे. पाव किलोच्या पाकिटातून छोटी वाटीभर उत्तम तूप निघते. भारतातील तीन पिनांचा प्लग तिथल्या दोन गोल छिद्रांत बसत नाही, त्यामुळे अॅडॉप्टर लागतो. विजेचा दाब मात्र आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे घरचा छोटा मिक्सर चालतो.

शक्यतो रविवारी पोहोचू नये. मंडई बंद, बहुतेक सुपरमार्केट बंद, आणि पर्यटकांच्या भागात जी एखाद-दोन दुकाने उघडी सापडतात तिथे दूध, पाव आणि अंडी एवढ्यावर रात्र काढावी लागते.

पहिल्या संध्याकाळी घर समजून घेणे

घरात शिरल्यावर पिशव्या उघडण्याआधी शेगडी लावून पाहावी. बटण दाबूनही ती पेटत नसेल आणि किल्लीचे छोटे चिन्ह लुकलुकत असेल, तर लहान मुलांसाठी असलेले कुलूप लागलेले आहे. त्या चिन्हावर बोट तीन-चार सेकंद दाबून धरले की ते उघडते. काचेवर पाण्याचा एक थेंब असला तरी ही शेगडी किंचाळून बंद पडते. कणीक मळलेल्या ओल्या हाताने पोळ्या करताना हे वारंवार घडते, म्हणून शेजारी कोरडे फडके ठेवावे.

दुसरी गोष्ट विजेची. स्पेनमध्ये प्रत्येक घर ठरावीक शक्तीच्या वीजजोडणीचे पैसे भरते आणि लहान घरांत ती बऱ्याचदा ३.४५ किंवा ४.६ किलोवॅट असते. ओव्हन, शेगडीच्या दोन चुली, पाणी तापवण्याचा हीटर आणि वातानुकूलन एकदम चालू केले की सगळे घर अंधारात जाते. घाबरू नये. एक-दोन उपकरणे बंद करावीत, दाराजवळच्या पेटीतील मुख्य खटका खाली ओढावा, काही सेकंद थांबावे आणि परत वर करावा. भाजी फोडणीला टाकण्याच्या वेळी कपडे धुण्याचे यंत्र लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरते.

नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे, पण जड आहे आणि चवीला बरे नाही. स्थानिक लोकही पाच किंवा आठ लिटरचे प्लास्टिकचे कॅन विकत आणतात. चहासाठी तेच वापरावे. नळाच्या पाण्याच्या चहावर एक तवंग येतो आणि कपाला कडा पडते.

मंडई

शहराच्या जुन्या भागात, रेशमाच्या जुन्या बाजाराच्या म्हणजे ला लोंखाच्या समोर 'मेर्कादो सेन्त्राल' आहे. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची ही देखणी इमारत १९२८ मध्ये उघडली आणि आजही तिथे पर्यटकांपेक्षा घरची पिशवी घेऊन आलेले ग्राहक मन लावून खरेदी करताना दिसतात. मंडई सोमवार ते शनिवार सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत असते. नऊच्या सुमारास जावे. अकरानंतर पर्यटकांचे गट येतात आणि दोननंतर गाळे आवरायला लागतात. घर रुसाफा भागात असेल तर तिथली मंडई जवळ पडते, तिला गर्दी कमी आणि भाव थोडे उतरलेले असतात. शिवाय रुसाफाच्या आसपासच्या गल्ल्यांत भारतीय उपखंडातील किराणा दुकाने आहेत. तूरडाळ, कणीक, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या यांसाठी एकदा तिकडे जाऊन यावे म्हणजे आठवड्याची बेगमी होते.

गाळ्यासमोर रांग दिसत नाही, पण ती असते. आल्यावर 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे 'शेवटचे कोण?' असे मोठ्याने विचारावे. कोणीतरी 'यो', म्हणजे मी, म्हणते. त्या व्यक्तीनंतर आपला नंबर, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला आपण हात वर करून 'यो' म्हणायचे. मग खुशाल शेजारच्या गाळ्यावरचे टोमॅटो न्याहाळत उभे राहावे, नंबर जात नाही. काही गाळ्यांवर मात्र कागदी क्रमांक काढावा लागतो. फळे-भाज्या स्वतःच्या हाताने चाचपून निवडण्याची आपली सवय इथे सोडावी. विक्रेत्याला सांगावे, तो निवडून देतो. आज खायचे की परवा, एवढे बोटांनी दाखवले तरी तो त्याप्रमाणे पिकलेले किंवा कच्चे फळ देतो.

वजनाच्या बाबतीत मराठी माणसाला घरच्यासारखे वाटेल. तिथे 'उन कुआर्तो' म्हणजे पाव किलो, 'मेदियो किलो' म्हणजे अर्धा, आणि 'कुआर्तो इ मिताद' म्हणजे पाव आणि त्या पावाचा निम्मा, ३७५ ग्रॅम. हा सरळसरळ आपला दीड पाव आहे. इंग्रजी मार्गदर्शिका वाचून आलेले प्रवासी या शब्दावर हटकून अडखळतात आणि पाऊण किलो चीज घेऊन घरी जातात.

खरेदीत एक चूक मी केली ती सांगून ठेवतो. कोथिंबीर म्हणून जी हिरवी जुडी सर्वत्र दिसते ती पार्स्ली असते, तिचे नाव 'पेरेखिल'. कोथिंबिरीला 'थिलान्त्रो' म्हणतात. दोन्हींची पाने दुरून सारखीच दिसतात. पान चुरगळून वास घेतल्याशिवाय पिशवीत टाकू नये. काही विक्रेते पेरेखिलाच्या चार काड्या फुकट देतात. ती आमटीवर घातली तर आमटीचे काहीच भले होत नाही.

शेंगदाणे जरूर घ्यावेत. व्हॅलेन्सियाच्या परिसरात 'काकाउ देल कोयारेत' नावाची शेंगदाण्याची स्थानिक जात होते. शेंग लांबट असते आणि दोन दाण्यांमध्ये ती अशी आवळलेली दिसते की जणू दोरा बांधला आहे. भाजून कूट केले तर कोशिंबिरीला आपल्याकडच्यापेक्षा थोडी गोड चव येते. संत्री हिवाळ्यापासून वसंतापर्यंत घ्यावीत. ती दोन ढिगांत असतात: 'दे मेसा' खाण्यासाठी आणि 'पारा थुमो' रसासाठी; रसाची लहान, स्वस्त आणि दिसायला ओबडधोबड असतात. रस्त्याकडेच्या झाडांवर लगडलेली संत्री मात्र तोडू नयेत, ती शोभेची कडू जात आहे.

सुपरमार्केट

मंडईत न मिळणारे सगळे मेर्कादोना किंवा कोन्सुममध्ये मिळते. पहिल्या साखळीचे मुख्यालय व्हॅलेन्सियाजवळच आहे आणि दुसरी इथलीच सहकारी संस्था आहे, त्यामुळे दर दुसऱ्या चौकात यांपैकी एक सापडते. मेर्कादोना साधारणपणे सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ उघडे असते. सुट्या भाज्या घेताना आधी प्लास्टिकचे हातमोजे घालावेत, भाजीच्या फलकावरील क्रमांक लक्षात ठेवावा, काट्यावर ठेवून तो क्रमांक दाबावा आणि निघालेले लेबल पिशवीवर चिकटवावे. हे विसरल्यास गल्ल्यावरून परत धावावे लागते आणि मागच्या रांगेतील आजीबाई सुस्कारा टाकतात.

दूध बहुतेक खोक्यातले, फ्रिजबाहेरचे असते: 'एन्तेरा' म्हणजे सायीसकट, 'सेमिदेस्नातादा' अर्धे, 'देस्नातादा' बिनसायीचे. विरजण लावायचे असेल किंवा लिंबू पिळून पनीर करायचे असेल तर फ्रिजमधील 'लेचे फ्रेस्का' शोधावे. दही घेताना 'नातुराल' पाहावे आणि त्याखाली 'आथुकारादो' लिहिलेले नाही याची खात्री करावी, नाहीतर कढी गोड होते. काचेच्या बरणीत शिजवलेले चणे मिळतात, 'गार्बान्थोस कोथिदोस'. पाण्याने धुऊन घेतले की छोले दहा मिनिटांत तयार होतात. कुकर नसलेल्या घरात या बरण्यांचा मोठा आधार आहे. फोडणीसाठी सूर्यफूल तेल 'गिरासोल' घ्यावे. ऑलिव्ह तेल सुंदर आहे, पण 'बिर्खेन एक्स्त्रा', म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिन, कडकडीत तापवून मोहरी तडतडवणे हा त्या तेलाचा अपमान आहे. ते कोशिंबिरीवर आणि पावावर घालावे.

तांदळाबद्दल थोडे सविस्तर. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराभोवती भातशेती आहे आणि इथला तांदूळ आखूड, गोल दाण्याचा असतो. पाएया या इथल्या प्रसिद्ध भाताच्या पदार्थासाठी उत्तम मानली जाणारी 'बोंबा' जात भरपूर रस शोषूनही अखंड राहते, म्हणून ती महागही असते. वरणभातासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत. साधा 'आर्रोथ रेदोन्दो' थोडे पाणी जास्त घालून शिजवला की मऊ, चिकट भात होतो, जो मेतकूट-तुपाबरोबर किंवा दहीभाताला छान लागतो. मोकळा भात हवा असल्यास बासमती प्रत्येक दुकानात आहे.

बाहेर जेवणे

सकाळी दहाच्या सुमारास शहरातील रंगारी, बँकेतले कारकून आणि निवृत्त मंडळी एकाच बारमध्ये भल्यामोठ्या पावाचे सँडविच खाताना दिसतील. हा 'एस्मोर्सारेत', व्हॅलेन्सियाचा दुसरा नाश्ता. पावात हवे ते भरून देतात, सोबत ऑलिव्ह आणि शेंगदाण्यांची बशी, एक पेय आणि शेवटी कॉफी. रम पेटवून केलेल्या कॉफीला 'क्रेमाएत' म्हणतात. ती पेलली नाही तर 'कोर्तादो', म्हणजे थोडे दूध घातलेली कॉफी, मागावी. शाकाहारी पण अंडे चालणाऱ्यांनी 'तोर्तिया दे पातातास'चे, म्हणजे बटाट्याच्या जाड ऑम्लेटचे सँडविच मागावे. हे खाल्ले की दोनपर्यंत भूक लागत नाही, आणि दीड-दोनच्या आधी बहुधा जेवण मिळतही नाही.

दुपारचे मुख्य हत्यार म्हणजे 'मेनू देल दिया'. १९६० च्या दशकात स्पेनच्या सरकारने पर्यटकांसाठी ठरावीक दरातील जेवण देणे उपाहारगृहांना बंधनकारक केले, त्यातून ही पद्धत रुजली आणि पुढे स्थानिक नोकरदारांनीच ती जिवंत ठेवली. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी, एवढे सगळे साधारण १२ ते १८ युरोत मिळते. ते बहुधा सोमवार ते शुक्रवार, दीड-दोन ते चार या वेळात. फलक बाहेर खडूने लिहिलेला असेल, भाषा फक्त स्पॅनिश किंवा व्हॅलेन्सियन असेल आणि आत कामावरचे कपडे घातलेली माणसे असतील, तर खुशाल आत जावे. छायाचित्रांचा रंगीत फलक आणि दारात बोलावणारा माणूस दिसला तर पुढच्या गल्लीत वळावे. चारनंतर स्वयंपाकघर बंद होते ते साडेआठपर्यंत. मधल्या वेळी मिळतील त्या गोठवलेल्या गोष्टी. व्हॅलेन्सियन पाट्यांवर 'तान्कात' म्हणजे बंद, 'ओबेर्त' म्हणजे उघडे. ऑगस्टमध्ये चांगल्या घरगुती खाणावळी सुटीवर जातात, आणि १५ ते १९ मार्च या फायास उत्सवाच्या दिवसांत सगळीकडेच रेटारेटी असते.

शाकाहारी माणसाने इथे फार सावध राहावे लागते, कारण 'मांस नाही' या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखा नसतो. 'एन्सालादा मिक्स्ता' नावाच्या निरागस कोशिंबिरीवर टूना मासा असतो. मसुराच्या आमटीत चोरिथो सॉसेज, परतलेल्या भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे खामोन, आणि लाल मिरच्यांच्या 'एस्गार्राएत'मध्ये खारवलेला बाकालाओ मासा असतो. माझ्या पत्नीने एका खाणावळीत मांस नको असे दोनदा बजावून भाजी मागवली. त्यातील गुलाबी तुकडे दाखवल्यावर वाढपी मनापासून गोंधळला आणि म्हणाला, हे मांस नव्हे, हे खामोन आहे. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करावे: 'सोय बेखेतारिआनो, नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन.' स्त्रियांनी 'बेखेतारिआना' म्हणावे. अंडेही चालत नसेल तर 'नि उएबो' जोडावे. निर्धास्तपणे मागवता येतील अशा गोष्टी: तळलेल्या हिरव्या मिरच्या 'पिमिएन्तोस दे पाद्रोन', टोमॅटो चोळलेला पाव, गार टोमॅटोचे 'गाथपाचो', भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची 'एस्कालिबादा'. शेवटचीवर कधी मासळी ठेवतात, तेवढे विचारून घ्यावे.

पाएया ही व्हॅलेन्सियाचीच. पण मूळ 'पाएया बालेन्सियाना'त मासळी नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि 'गार्रोफो' नावाचे मोठे पांढरे दाणे असतात. कोळंबीची पाएया वेगळी. शाकाहाऱ्यांसाठी 'पाएया दे बेर्दुरास' मिळते, मात्र 'एल काल्दो एस दे बेर्दुरास?', म्हणजे रस्सा भाज्यांचाच आहे ना, हे विचारल्याशिवाय मागवू नये. अनेक ठिकाणी तो कोंबडीचा असतो. किमान दोघांसाठीच करतात, आणि मागवल्यापासून अर्धा-पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत आली तर ती तुमच्यासाठी केलेली नाही. ती दुपारी खातात. रात्री पाएया मागणारा परका हे वाढपी लगेच ओळखतो. तळाशी लागलेला कुरकुरीत थर, 'सोकार्रात', चमच्याने खरवडून खातात. ज्या घरी दुधाच्या पातेल्याची खरवड कोणी खायची यावरून भांडणे झाली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पाणी मागताना 'आग्वा देल ग्रीफो' म्हणजे नळाचे पाणी मागावे. २०२२ च्या कचराविषयक कायद्याने ते फुकट देणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे. पाव मात्र बिलात येऊ शकतो. कर दरात धरलेला असतो आणि टीप म्हणून सुटी नाणी ठेवली तरी चालते. 'ला कुएन्ता, पोर फाबोर' म्हणेपर्यंत बिल कोणी आणून देत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास 'ओर्चाता' प्यावी. जमिनीखाली वाढणाऱ्या चुफा नावाच्या बारीक कंदांचे हे थंड, पांढरे पेय दुधासारखे दिसते, पण त्यात दूध नसते. उपवासाला चालते की नाही हा वाद घरी येऊन घालावा. 'फार्तोन' नावाचा लांबट गोड पाव त्यात बुडवून खातात. मेट्रोने अल्बोरायाला, चुफाच्या शेतांच्या गावात, जाऊन प्यायली तर अधिक बरे.

रात्रीचा स्वयंपाक आणि आवराआवर

रात्री मुगाची खिचडी, कोशिंबीर, दही, एखादा पापड असा बेत पुरे. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा फोडणी टाकण्याआधीच लावावा आणि आतल्या चौकाकडे उघडणारी खिडकी बंद ठेवावी, कारण त्याच चौकात शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात आणि हिंगाचा वास सुती चादरीत मुरतो.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर असतात: पिवळा प्लास्टिक, डबे व दुधाच्या खोक्यांसाठी, निळा कागदासाठी, हिरवा काचेसाठी, तपकिरी ओल्या कचऱ्यासाठी आणि करडा उरलेल्या सगळ्यासाठी. चण्याच्या बरण्या धुऊन, झाकण काढून हिरव्यात टाकाव्यात, झाकण पिवळ्यात. तळणाचे तेल मोरीत ओतू नये. गार झाल्यावर प्लास्टिकच्या बाटलीत भरून वापरलेल्या तेलासाठी ठेवलेल्या नारिंगी डब्यात टाकावे. निघण्याच्या आदल्या दिवशी मंडईत जायची गरज नसते. त्या दिवशी फ्रिजमधील उरलेल्या भाज्यांची एक मिसळीची भाजी करावी आणि न उघडलेले तांदूळ-मीठ ओट्यावर ठेवून पुढच्या भाडेकरूसाठी घरमालकाला तसे कळवावे.